कराराची कोरी बाजू

मंगळवार, ४ तारीख (पान ३ ची पाठ)

आजपासून दैनंदिनी पुन्हा सुरू. जुनी वही संपून दोन महिने झाले. नवी विकत घ्यायला मन होईना, आणि आज देवाने आपण होऊन कागद पाठवला. पाठवला म्हणजे सूनबाईने उधळला. दोन देशांमधला व्यापाराचा करार, पाने दोनशे चौदा. त्याच्या दोन प्रती छापून आणल्या, आणि दोन्ही एकाच बाजूने! एक प्रत तिच्या फायलीत गेली, दुसरी म्हणे "गटातल्या बायकांना वाचायला."

बायका वाचतात! भाषा आपलीच आहे, पण सरकारी आहे. वाक्य एका पानावर सुरू होते आणि दम लागून पुढच्या पानावर बसते. आमच्या मास्तरीणबाई (शाळेतून निवृत्त झाल्या, पण अजून बोलताना हातात खडू असल्यासारखी बोटे धरतात) चार ओळी वाचून चष्मा पुसत म्हणाल्या, "हे लिहिणाऱ्याला मी सहावीतून पुढे जाऊ दिलं नसतं." मग प्रत कपाटावर धूळ खात पडली. मी ती घरी आणली. पुढच्या बाजूची शाई जिथे मागे उमटलेली नाही, ती पाने आधी वापरायची असे ठरवले आहे.

गटाचे लिहून ठेवते. आम्ही अकरा बायका. जुन्या कपड्यांच्या आणि शिंप्याकडच्या चिंध्या फाडून हातमागावर पायपुसणी विणतो. मी कोठी सांभाळते, म्हणजे चिंध्या, दोरा, कात्र्या आणि वही. सूनबाईने पक्की नोकरी सोडून यात उडी घेतली, आणि परदेशातल्या एका दुकानाकडून पाचशे नगांची मागणी मिळवली. या करारामुळे तिकडे आपल्या मालाला जकात लागत नाही. मात्र माल आपल्याच देशात घडलेला आहे, असे लिहून द्यावे लागते. जकात लागली तर दुकानदार म्हणतो, मला नको तुमचा माल.

लिहून दिलेल्या कागदावर सही सूनबाईची. मी म्हटले, "आपण सगळ्याजणी करू की सह्या."

"नाही आई, सही एकीचीच लागते. चुकलं तर धरायला एकच मान हवी असते त्यांना."

हसत म्हणाली. मला काही हसू आले नाही.

शनिवार, ८ (पान ४१ ची पाठ)

आज माझ्या हातून एक चांगले काम झाले, ते नोंदवते. मागच्या महिन्यात नेहमीच्या दोरेवाल्याचा पाय मोडला, दुकान बंद. विणकाम अडायला नको म्हणून मी पलीकडच्या गल्लीतून ताण्याच्या, म्हणजे मागावर उभ्या लावायच्या, दोऱ्याची बारा रिळे आणली होती. ती आज संपत आली. नेहमीपेक्षा स्वस्त आणि मजबूत. वर रंगीत वेष्टन, त्यावर जहाजाचे सुरेख चित्र. ते मी टाकणार थोडीच! कोमट पाण्यात सोडवून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवले. मिठाचा डबा तर आता ओळखू येत नाही.

कोणत्या रिळाचा दोरा कोणत्या पायपुसण्यात गेला, ते मी वहीत लिहिते, आणि उरलेली टोकेही परत घेते. आमच्या गटातली शिंपीणबाई रोज चिडवते, "काकू, आज वीतभर टोक घरी न्यायचं म्हणते. जामीन कोण राहील?" सगळ्या खिदळतात. खिदळू देत. नगाच्या आतल्या कडेला मी आकडा टाचते, त्यालाही त्या "कैद्याचा नंबर" म्हणतात.

मंगळवार, ११ (पान ८८ ची पाठ)

कचेरीतून पत्र आले. लिहून दिलेला कागद पुढे गेला होता; माल निघण्याआधीच तिकडच्या देशाने आपल्या जकात कचेरीला विचारले आहे की हा माल खरोखर तुमच्याकडचा का, पडताळून कळवा. करारात तशी सोयच आहे म्हणे. म्हणजे सही करून झाल्यावरही एकमेकांवर विश्वास ठेवायचा नाही, हेसुद्धा सही करूनच ठरवले आहे! सोयरिकीत असे कोणी लिहून घेतले तर मुलीचा बाप उठून जाईल.

लिहून दिलेले खोटे ठरले तर गटाला तीन वर्षे सवलत बंद, आणि सही करणाऱ्याचे नाव काळ्या यादीत. सूनबाईचे नाव. बिचारी शांतपणे चहा गाळत होती, पण गाळणे उलटे धरले होते.

उद्या ती चौकशीला मोठ्या कचेरीत जाते आहे, दोन-तीन दिवस लागतील. मघाशी म्हणाली, "आई, काळजी करू नका. आणि मी येईपर्यंत काही करू नका."

गुरुवार, १३ (पान १०२ ची पाठ)

काही न करून कसे चालेल?

मला पहाटे देवापुढे बसले असताना सुचले. माल आपल्या देशातला का, असे विचारतात. आणि आमच्या चिंध्या? कुठल्या कुठल्या! शिंपीणबाईकडचे निम्मे कापड बाहेरून येते. देवा, तूच वेळेवर आठवण करून दिलीस. मी सगळ्यांना जमवले आणि सांगितले की परकी चिंधी एकही राहता कामा नये.

खोलीच्या मध्ये तीन ढीग केले. आपल्या, परक्या आणि संशयित. प्रत्येक चिंधीची चौकशी. अशी चौकशी मी मुलाच्या वेळी स्थळांचीही केली नव्हती.

"हा निळा तुकडा कोणाचा?"

"माझ्या नवऱ्याचा शर्ट होता, काकू."

"कुठून घेतला होता?"

"त्याच्या मावशीनं दिला होता."

"मावशी कुठली?"

"मावशी आपलीच हो, पण शर्टाचं सांगता येत नाही. मावशीचंही मेलीचं काही खरं नाही."

संशयितात टाकला. दुपारपर्यंत संशयितांचा ढीग माझ्या खांद्याला आला आणि आपल्यांचा एका टोपलीत मावला. मास्तरीणबाईंनी तर स्वतःच्या पदराचे टोक उलटून पाहिले आणि म्हणाल्या, "मी घरी जाऊ का इथंच संशयितात बसू?"

शनिवार, १५ (पान ११७ ची पाठ)

डोके दुखते आहे, थोडेच लिहिते. तयार मालातही परक्या चिंध्या दिसायला लागल्या. सोळा पायपुसणी उसवली. विणताना गाणी म्हणतात, उसवताना कोणी बोलत नाही. धाकट्या विणकरणीच्या डोळ्यांत पाणी आले, तिने त्यातली सहा विणली होती. मला वाईट वाटले, पण सूनबाईच्या मानेचा प्रश्न आहे.

हा करार लिहिणाऱ्यांनी जन्मात चिंधी हातात धरली नसणार. फाटके कापड कोणत्या देशाचे, याचा विचार त्यांनी कशाला केला असेल!

रविवार, १६ (पान ५६ ची पाठ)

सूनबाई आली. दारात उभी राहून तीन ढीग पाहिले, त्यावर मी लावलेल्या चिठ्ठ्या वाचल्या, आणि भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटले चक्कर आली. ती हसत होती. हसता हसता तिला बोलता येईना.

मग म्हणाली, "आई, वापरून जुनं झालेलं कापड इथंच टाकून दिलेलं असेल, किंवा इथल्या शिवणकामात उरलेले तुकडे असतील, तर ते आपलंच धरतात. मूळ कापड कुठूनही येवो. करारात स्पष्ट लिहिलंय."

"कुठे लिहिलंय?"

"एकशे सतराव्या पानावर. तुमच्याकडची प्रत आणा, दाखवते."

मी म्हटले, ते पान सध्या कामात आहे.

तिने जास्त विचारले नाही. तोंडपाठ म्हणून दाखवले. रात्री मी पान उलटून पाहिले. आहे. शब्द न् शब्द आहे. काल ज्या जागी मी लिहिले की त्यांनी विचार कशाला केला असेल, बरोबर त्याच्या मागे त्यांनी विचार करून ठेवला आहे.

देवा, तू आठवण करून दिलीस ती चिंध्यांची की पान वाचायची, आणि ऐकताना माझीच चूक झाली का?

शिंपीणबाईला कळले तेव्हा ती संशयितांच्या ढिगात जाऊन आडवी पडली आणि म्हणाली, "सुटले गं बाई निर्दोष!"

मंगळवार, १८ (पान १४० ची पाठ)

पडताळणीचे साहेब आले. लांब मान, हातात काळी फाईल, आणि चिंध्यांच्या धुळीने सारख्या शिंका. आले, शिंकले, तीन पायपुसणी नमुना म्हणून पाहायला घेतली. ज्या माणसाने आयुष्यात एकदाही पायपुसणे झटकले नसेल, तो आमच्या मालाची परीक्षा करणार! चिमटीत असे धरले होते, जसा मेलेला उंदीर. चहा दिला तर बशीखाली सांडला आणि त्याच नमुन्याने पुसला. नमुना तरी कामाचा आहे हे कळले असेल.

बायका उसवलेली सोळा पायपुसणी पुन्हा विणत होत्या, आणि चिंध्यांचे साहेबांनी काहीच विचारले नाही. तीन दिवस आम्ही कोणासाठी मेलो?

विचारले ते दोऱ्याचे. "ताण्याचा दोरा नवा असतो. तो इथं कातलेला लागतो. खरेदीच्या पावत्या काढून ठेवा, आणि रिळांची वेष्टनं असली तर तीही." सोमवारी पुन्हा येणार.

मी म्हटले, काढून ठेवते. आमचा दोरेवाला तर इथल्याच गिरणीचा माल ठेवतो, मग भ्यायचे काय?

बुधवार, १९ (पान १४१ ची पाठ)

डाळीत मीठ घालायला डबा काढला. जहाज. जहाजाखाली बारीक अक्षरे आहेत. चष्मा लावून वाचली.

तिसऱ्याच देशाचे नाव.

डाळीत मीठ दोनदा पडले.

वही काढून मोजले. बारातली अकरा रिळे लागली, एक शिल्लक. अकरा रिळांची अठ्ठ्याऐंशी पायपुसणी. आपल्या दोऱ्याच्या नगांबरोबर एकाच थप्पीत बांधून ठेवलेली. कागदावर पाचशेच्या पाचशे "आपली". खाली सही तिची.

ह्यांना सांगितले. वर्तमानपत्रामागून म्हणाले, "सूनबाईला सांग." बाकी काही नाही. चाळीस वर्षे संसार केला, आणि ऐन वेळी दोनच शब्द!

मिठाचा डबा भिंतीकडे तोंड करून ठेवला. देव सगळे पाहतोच, पण सूनबाईने पाहू नये.

गुरुवार, २० (पान १६० ची पाठ)

सकाळी डबा सरळ होता. जहाज समोर. ह्यांचे काम असणार, यांना एक वस्तू जागच्या जागी ठेवता येत नाही. पुन्हा फिरवला.

वहीतली ती दोन पाने बदलता येतील, असा विचार आज मनात आला, तो लपवत नाही. कोणाला कळणार आहे? शाळेत माझ्या अक्षराला पैकीच्या पैकी गुण होते, नवी पाने हुबेहूब उतरतील. पेनात शाईसुद्धा भरली. मग वाटले, अठ्ठ्याऐंशी बायकांच्या मेहनतीचे आकडे खोटे करायचे. अठ्ठ्याऐंशी नगांचे म्हणायचे होते. मन ठिकाणावर नाही. पेन बंद केले.

शुक्रवार, २१

डबा पुन्हा सरळ. ह्यांना विचारले तर म्हणतात, मी मीठ कुठे असते हेसुद्धा जाणत नाही. ते मात्र खरे आहे.

सूनबाईने जेवताना विचारले, "आई, दोऱ्याची वही ठीक आहे ना?" मी म्हटले, हो. तिने आमटी वाढून घेतली. ही पोरगी माझ्यावर पाळत ठेवते की काय!

रविवार, २३ (पान १९९ ची पाठ)

आज दिवसभर सांगणार होते. सकाळी ती केस धूत होती. दुपारी कचेरीतून फोन. संध्याकाळी मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, ती म्हणाली, "या ना आई, बसा." मी म्हटले, झाडू शोधते आहे. तिने झाडू दिला. स्वच्छ खोली मी पुन्हा झाडली.

तिने पक्की नोकरी सोडली तेव्हा मीच म्हटले होते, "चिंध्यांच्या नादी लागून घर चालत नाही." मग तीच मला कोठी सांभाळायला घेऊन गेली. "तुमच्याइतकं काटेकोर कोणी नाही," म्हणाली होती. काटेकोर! स्वस्तात मिळाला म्हणून हरखून गेले आणि वेष्टन वाचले नाही, नुसते चिकटवले.

सोमवार, २४ (पान २०७ ची पाठ)

सगळे क्रमाने लिहिते.

साहेब आले. मी पावत्या पुढे केल्या, सगळ्या नेहमीच्या दोरेवाल्याच्या. साहेब पाहत होते. सूनबाई मांडीवर फाईल घेऊन बसली होती. बायका माग थांबवून उभ्या. साहेबांनी विचारले, "एवढाच दोरा आणला?"

मी देवाचे नाव घेतले, पिशवीत हात घातला आणि मिठाचा डबा टेबलावर ठेवला.

साहेब डब्याकडे पाहू लागले, मग माझ्याकडे. शिंपीणबाई कुजबुजली, "काकू, साहेबांना मिठाचं कशाला?"

"हा दोरा मी आणला," मी म्हटले. "बारा रिळं. बाहेरच्या देशाचा आहे, मला कळलं नाही. म्हणजे मी वाचलं नाही. अठ्ठ्याऐंशी नगांत गेलाय. या मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मान धरायची तर माझी धरा."

साहेबांनी डबा हातात घेऊन फिरवला, अक्षरे वाचली, आणि वास घेतला. का घेतला, देव जाणे. मग म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी कोणते, ते कसं सांगणार? एकत्र बांधलेत. वेगळे दाखवता येत नसतील तर पाचशेच्या पाचशे बाद होतात."

मी वही दिली. रीळ, तारीख, विणणारीण, नगाच्या कडेला टाचलेला आकडा, परत आलेले टोक. साहेब अर्धा तास वहीतून एकेक आकडा सांगत होते आणि मास्तरीणबाई थप्पीतून तो नग काढून देत होत्या. एकही चुकला नाही. साहेबांनी मग दोऱ्याची उरलेली टोके मागितली. मी बरणी पुढे केली. त्यातही चिठ्ठ्या. त्यांच्या तोंडून "अरे बाप रे" गेले, आणि शिंपीणबाईने पहिल्यांदाच वहीकडे आदराने पाहिले.

मग त्यांनी विचारले, "दुरुस्तीचं कलम बघावं लागेल. कराराची प्रत आहे का? माझी कचेरीत राहिली." सूनबाईची प्रत माल पाठवणाऱ्या दलालाकडे. तिने माझ्याकडे पाहिले. "आई, तुमच्याकडची?"

पिशवीतच होती. काय करणार, दिली.

"एकशे चाळीस," साहेब स्वतःशीच म्हणाले आणि पान काढले.

एकशे चाळीसच्या पाठीवर कोण आहे, हे मला एकटीलाच ठाऊक होते. साहेबांनी कलम मोठ्याने वाचले: पडताळणी संपण्याच्या आत ज्याने आपण होऊन चूक सांगितली आणि चुकीचा माल वेगळा काढून दाखवला, त्याला दंड नाही, आणि उरलेल्या मालाची सवलत कायम. जीव भांड्यात पडतो आहे, तेवढ्यात त्यांनी पान उलटले. कलम पुढे चालू आहे का ते पाहायला.

वाचत राहिले. बराच वेळ.

सूनबाईने फाईल उघडून एक कागद काढला. पाचशेऐवजी चारशे बाराची सुधारलेली हमी, टंकलेली, फक्त सही राहिलेली. तारीख मात्र शुक्रवारची पडली होती, ती तिने खोडून आजची घातली. चुकून पडली असेल. इतक्या झटपट तिने तो कागद कधी केला, मला अजून कळत नाही. हल्लीच्या मुली हुशार आहेत.

तिने सही केली. मी म्हटले, "खाली माझीही घ्या." साहेब म्हणाले, "तशी पद्धत नाही." मग त्यांनीच कागद माझ्याकडे सरकवला. "साक्षीदार म्हणून करा."

जाताना त्यांनी दारातले पायपुसणे उचलले, बाहेर नेले, दोन्ही हातांनी कडा धरून तीनदा सपासप झटकले, परत जागच्या जागी नीट पसरले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "जमलं का?"

मी म्हटले, कोपरा राहिला.

शनिवार, २९

चारशे बारा नग गेले. उरलेले अठ्ठ्याऐंशी दुकानदाराने पुढच्या महिन्यात मागितले आहेत, ते उसवून आपल्या दोऱ्यावर पुन्हा विणायचे. चिंध्या त्याच. कोणी कुरकुरले नाही. आज उसवतानासुद्धा गाणे चालू होते, शिंपीणबाई संशयितांचे गाणे रचते आहे, त्यात माझे नाव फार येते.

दोरा खरेदीचा नवा नियम झाला: वेष्टन दोघींनी वाचायचे, मग पैसे. नियम मीच सुचवला. सूनबाई म्हणाली, "हो, आणि चिकटवण्याआधी वाचायचं." मी दुर्लक्ष केले.

रविवार, ३०

उसवलेला जहाजछाप दोरा गुंडाळून ठेवला आहे. कराराला चालला नाही, पण माझी ही पाने शिवायला उत्तम आहे.

एकच गोष्ट राहिली. संध्याकाळी सूनबाईने नवा गठ्ठा आणून माझ्या पाटावर ठेवला. करारात काही फेरबदल होणार आहेत, त्यांचा मसुदा, नव्वद पाने. आणि पुन्हा एकाच बाजूने! ह्यांनी वर्तमानपत्र खाली केले आणि म्हणाले, "छापणारा सांगत होता, त्याचं यंत्र दोन्ही बाजूंनी छापतं. अर्ध्या कागदात होतं. ही दर वेळी मुद्दाम सांगते, एकाच बाजूनं छापा म्हणून."

मी उठले होते तिला चार शब्द सुनवायला. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मिठाचा डबा तिने धुऊन पुसून फळीवर ठेवला होता, जहाज समोर.

मी गठ्ठा हातात घेतला. जाडजूड, गुळगुळीत कागद. शाई मागे कुठे उमटलेली नाही.

सुई ओवायला बसले. या वेळी मात्र पुढची बाजू आधी वाचणार आहे.